अस्सल बरहुकूम खरी नक्कल

सातबाराच्या उताऱ्याखाली पूर्वी तलाठ्याचा एक शिक्का असायचा : 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. आता उतारा संगणकातून निघतो, त्यावर डिजिटल सही असते. माझ्या लहानपणी जांभळ्या शाईचा तो शिक्का कागदावर जरा तिरपाच बसायचा आणि शेवटचा 'ल' हमखास पुसट यायचा. वडिलांबरोबर चावडीत गेले होते तेव्हा तो मी पहिल्यांदा वाचला. आठ-नऊ वर्षांची असेन. नक्कल म्हणजे खोटं, एवढं शाळेत पक्कं झालेलं होतं. शेजारणीच्या वहीतून गणित उतरवलं की मास्तर छडी मारत. मग नक्कल खरी कशी असेल, असं मी विचारलं. वडील म्हणाले, "ज्याच्यावर शिक्का, ते खरं." आणि फी द्यायला पुढे सरकले.

त्याच पावसाळ्यात मला गाण्याला घातलं. शिकवायला एक बाई होत्या. त्यांचं नाव इथे देत नाही, पुस्तकात नाव आलेलं त्यांना आवडलं नसतं. शिकवणं म्हणजे काय, तर समोर बसायचं, काळी चारचा तानपुरा लावायचा, बाई एक ओळ म्हणायच्या आणि आपण ती तशीच म्हणायची. वही नाही, स्वरलिपी नाही. एखादा खटका निसटला तर कुठे चुकलं हे त्या सांगत नसत. तीच ओळ पुन्हा म्हणत. मग पुन्हा. दहा-बारा वेळा झाल्यावर कधीतरी तो खटका आपोआप गळ्यात उतरलेला असे आणि बाई काहीच न बोलता पुढच्या ओळीला जात. हीच शाबासकी.

बाईंना दम्याचा त्रास होता. अंतरा सुरू करण्यापूर्वी, तार षड्जाकडे निघायच्या आधी, त्या घशातल्या घशात एक बारीकसा खाकरा घेत. तिसऱ्या वर्षी गुरुपौर्णिमेला मी यमन गायले. स्थायी भरली, समेवर आले आणि अंतऱ्याच्या तोंडाशी अगदी तसाच खाकरा घेतला. मला दमा नव्हता. सर्दीसुद्धा नव्हती. पुढच्या रांगेतले एक बुवा मोठ्यांदा हसले. कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, "डोळे मिटले तर बाईच!" मी हवेत. सतरंज्या गोळा होत असताना बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "खाकरा माझा आहे. तो ठेव इथे. बाकीचं घेऊन जा."

बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या निमित्ताने लिहिले गेले, काही दिवाळी अंकांसाठी, काही कुणी गेल्यावर. ते एकत्र लावून वाचताना लक्षात आलं की प्रत्येक लेखात मी तेच शोधत होते. माणसाने दुसऱ्याकडून सगळं घेतल्यावर त्याचं स्वतःचं म्हणून काय उरतं? आणि त्या उरलेल्याला आपण ऐकणारे एवढी किंमत का देतो? सुरेल तर पुष्कळ जण गातात. तरीही मैफलीतून उठून येताना आपण एकमेकांना विचारतो ते सुराचं नसतं. "गाणं तयार आहे हो, पण स्वतःचं आहे का?"

'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन्ही शब्द मुळात अरबी. फारसीच्या मागून ते आपल्या दफ्तरात आले आणि तिथे शेजारी शेजारी नांदले. अस्सल कागद कचेरीत राहायचा, नक्कल लोकांच्या हाती पडायची, आणि नकलेवाचून अस्सलाचा कुणाला उपयोग नव्हता. कचेरीत नकलेला अप्रतिष्ठा नाही. तिला ती चिकटली बाहेर, तमाशात, शाळेत आणि गाण्यात. आणि गाण्यात ती चिकटावी ही मोठीच गंमत आहे, कारण तालीम म्हणजे दुसरं काय असतं? गंडा बांधायचा आणि वर्षानुवर्षं एका माणसाच्या गळ्याची नक्कल करायची, ती अस्सल बरहुकूम उतरेपर्यंत. घराणं हा शब्दच सांगतो की इथे एकट्यादुकट्याचं काही नाही. आणि नेमक्या याच व्यवसायात कलावंताला सगळ्यात जास्त झोंबणारं वाक्य कुठलं, तर "हा गुरूची कॉपी करतो".

वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' 1961 साली आलं. घराण्यांवर मराठीत इतकं नेटकं लिहिलेलं त्याआधी माझ्या तरी वाचनात नाही. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली : घराण्याची शैली त्याच्या मूळ पुरुषाच्या आवाजधर्मातून निघते. म्हणजे एका माणसाचा गळा जसा होता, त्याला जे सहज जमत होतं आणि जे जमतच नव्हतं, त्यातून एक गायकी तयार होते. आणि पुढच्या पिढ्या, गळे निराळे असताना, ती शास्त्र म्हणून शिकतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझा खाकरा आठवला.

अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट घ्या. जन्म 1855चा. तरुणपणी एका संस्थानात अति गावं लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला आणि तो पहिल्यासारखा परत आलाच नाही. दुसरा एखादा गाणं सोडून शिकवण्या करत बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी नव्याने रचली. आवाजाच्या गोडव्यावर भिस्त ठेवायची नाही. लयीशी गुंफलेली, वळणावळणाची, पेचदार तान, अनवट आणि जोडराग, ऐकणाऱ्याच्या बुद्धीला काम देणारी बढत. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी राहून त्यांनी ही गायकी रुजवली आणि पुढे ती जयपूर-अत्रौली घराणं म्हणून नावारूपाला आली. त्यांचं ध्वनिमुद्रण नाही. म्हणजे ज्या गळ्यामुळे हे सगळं घडलं तो गळा आज ऐकता येत नाही. अस्सल कागद गहाळ, आणि उरल्यात त्या नकला.

पण काय नकला! केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या. केसरबाईंचा आवाज भरदार, खुला, तिन्ही सप्तकांत सारख्या वजनाने फिरणारा. मोडक्या आवाजावर उपाय म्हणून रचलेली गायकी धडधाकट आवाजाच्या हाती पडली तेव्हा तिचं काय झालं, हे केसरबाईंच्या तबकड्यांत ऐकावं. जी वळणं खाँसाहेबांनी गरजेपोटी घेतली असतील ती केसरबाई ऐश्वर्य म्हणून घेतात. स्वर तेच. कारण बदललं. हे पुस्तक लिहिताना मला जे काही थोडंफार उमगलं ते इथे आहे असं वाटतं : नक्कल आकाराची करता येते, कारणाची करता येत नाही. गाणाऱ्याला एखादी जागा तशीच घेणं भाग होतं, त्याच्याकडे दुसरी वाट नव्हती, हे ऐकणाऱ्याला कळतं. कसं कळतं ते सांगता येणार नाही. पण नुसती घोकलेली तान आणि गरजेतून निघालेली तान यांतला फरक सरगम न कळणाऱ्या माझ्या आत्यालाही कळायचा. "ही बाई गाते आणि ती बाई गाऊन दाखवते," असं ती म्हणायची.

केसरबाईंची एक भैरवी 1977 साली 'व्हॉयेजर' यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. 20 ऑगस्टला एक यान सुटलं, 5 सप्टेंबरला दुसरं, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. या योगायोगावर भावुक होऊन पुष्कळ लिहिलं गेलंय, मीही या पुस्तकातल्या एका लेखात लिहिलं आहे आणि आता ते जरा जास्तच झालं असं वाटतं. मला सतावतो तो वेगळाच विचार. तिकडे कुणी ती तबकडी वाजवलीच, तर त्याला केसरबाई ऐकू येतील का? एका माणसाचा आवाज ऐकू येईल. पण केसरबाई ऐकू यायला मोगूबाई माहीत असाव्या लागतात, किराण्याचा लगाव कानात असावा लागतो, आग्र्याची बोलबांट ऐकलेली असावी लागते. वेगळेपण कळायला आधी सारखेपण ठाऊक हवं. जुळ्या भावांतला फरक आईला कळतो तो यामुळेच. 'मी सगळ्यांहून निराळा' असं म्हणणाऱ्याला हे रुचणार नाही, पण निराळेपण दिसायला त्याला ते 'सगळे' लागतातच.

मोगूबाईंच्या लेकीने, किशोरीताईंनी, या सारखेपणाशीच भांडण काढलं. आईकडून अस्सल तालीम घेतली आणि मग घराण्याच्या भिंती मानायला नकार दिला. 'हे जयपूर नव्हे' असं म्हणणारे जाणकार तेव्हा पुष्कळ होते. आज त्यांच्याच गाण्याच्या नकला जिथे तिथे ऐकू येतात. तो हळवा, पुसटसा स्वर लावून डोळे मिटून बसणाऱ्या मुली मी किती तरी ऐकल्या. बंड हुबेहूब उतरवता येतं, हे पाहून किशोरीताई काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. चिडल्याच असत्या.

या पुस्तकातला सर्वांत लांब लेख कुमार गंधर्वांवर आहे, आणि त्याला इलाज नव्हता. 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा नकलेच्या जोरावर प्रसिद्धीला आला, हे आपण विसरतो. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायच्या आणि त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या. तानेचा दाणा न् दाणा, श्वास घेण्याची जागासुद्धा तीच. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला मिळाली ती या चमत्कारासाठी. तो अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईत त्याने प्रा. देवधरांच्या परिषदेत गाऊन सगळ्यांना थक्क केलं. मग देवधरांकडेच तो शिकायला राहिला. बी. आर. देवधर पलुस्करांचे शिष्य, पण एका घराण्याचं कुंपण न मानणारे. सगळ्यांकडचं ऐकणारे आणि ऐकवणारे. हा मुलगा दुसऱ्या कुणाच्या हाती पडता तर उत्तम 'खरी नक्कल' होऊन राहिला असता, असं मला नेहमी वाटतं.

पुढचं ठाऊकच आहे. 1948च्या सुरुवातीला हवापालटासाठी देवासला गेले, क्षयाने गाठलं, गायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. पाच-सहा वर्षं. माळव्यातल्या त्या घरात अंथरुणावर पडून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांची गाणी, भिक्षा मागणाऱ्यांची भजनं कानावर पडत राहिली. नवं औषध आलं, बरे झाले, एका फुप्फुसाचं बळ जवळपास गेलेलं. आणि 1950च्या दशकात ते परत गायला बसले तेव्हा तो तबकड्या उतरवणारा मुलगा कुठेच नव्हता. आखूड, टोकदार, एकदम झेपावणारे आणि एकदम थांबणारे सूर, मधे शांतता. कुणी म्हणालं, फुप्फुस नाही म्हणून असं गातात. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. फुप्फुस गेलेले लोक पुष्कळ असतात, त्यांतला एकच कुमार गंधर्व होतो. पण ते अगदीच चूक आहे असंही म्हणवत नाही. श्वास कमी म्हटल्यावर कुठे खर्च करायचा हे ठरवावं लागतं, आणि ठरवण्यातच माणूस दिसतो. श्रीमंताच्या खरेदीवरून त्याची आवड कळत नाही. गरिबाच्या कळते.

दोन्ही फुप्फुसं शाबूत असलेली तरुण मंडळी पुढे तसंच तोडून तोडून गायला लागली. मी हसत नाही. माझ्या यमनात दमा होता.

कुमारांनी एक कार्यक्रम केला होता, 'मला उमजलेले बालगंधर्व'. नाट्यपदं तीच, सगळ्या महाराष्ट्राला ती पाठ होती आणि गळ्यागळ्यांत बालगंधर्वांची ती हरकत बसलेली होती. अपेक्षा अशी, की लहानपणी तबकड्या हुबेहूब उतरवणारा हा माणूस आता बालगंधर्व उतरवील. त्यांनी तसं केलं नाही. शीर्षकातला 'उमजलेले' हा शब्द पाहा. बालगंधर्वांचं गाणं घेतलं, त्यामागचं कारण शोधलं आणि ते स्वतःच्या गळ्यातून मांडलं. काही रसिक नाराज झाले. नक्कल ऐकायला आलेल्याला नक्कल न मिळणं हीसुद्धा फसवणूकच वाटते.

बालगंधर्वांपाशी आलं की खरे-खोटेपणाचा सगळा हिशेब कोलमडतो, म्हणून त्यांच्यावरचा लेख मी तीनदा लिहिला. नारायण श्रीपाद राजहंस, 1888 ते 1967. 'मानापमान'ची भामिनी, 'स्वयंवर'ची रुक्मिणी, 'एकच प्याला'ची सिंधू. तीन तऱ्हेच्या तीन बायका, आणि उभ्या केल्या एका पुरुषाने. चांगल्या घरच्या बायकांनी त्यांच्यासारखं पातळ नेसायला सुरुवात केली, तसे दागिने करवून घेतले, तशा चालायला लागल्या. म्हणजे खऱ्या बायकांनी खोट्या बाईची नक्कल केली आणि तीच पुढे मराठी घरंदाज बाईची रीत म्हणून रूढ झाली. अस्सल कुठलं? माझ्या आजीच्या नेसण्यात भामिनी होती आणि आजीला वाटायचं ती आईकडून शिकली आहे. कदाचित दोन्ही खरं.

त्यांच्याबद्दलची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. 1911 साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी प्रयोग केला. आजचं खरेपणाचं माप लावलं तर हे खोटं वागणं ठरेल. आत एक आणि बाहेर एक. 'मनात आहे ते दाखव, लपवू नकोस' असं आपण उठता-बसता मुलांना सांगतो. पण त्या रात्रीच्या त्या हसऱ्या भामिनीला मराठी माणसाने कधी खोटं म्हटलं नाही. उलट, त्या दिवशी जो माणूस दिसला तो त्यांच्या अस्सलपणाचा पुरावा मानला गेला. तेव्हा मनातलं बाहेर सांडणं म्हणजेच खरेपणा, हे समीकरण आपलं नाही. निदान जुनं नाही. आपल्याकडे 'खरा' हा शब्द माणसापेक्षा त्याच्या वचनाला आणि नाण्याला जास्त लागतो. दगडावर आपटलं तर नाद नीट येतो का, एवढंच बघायचं.

नादाची ओळख पटवायची ही गरज केवढी मोठी आहे ते पहिल्या तबकड्यांत ऐकू येतं. 1902 साली कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा प्रत्येक तबकडीच्या शेवटी ती ठसक्यात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगाराला कुठला आवाज कुणाचा हे कळायला काहीतरी खूण हवी होती. पण ते ऐकताना मला ती खूण वाटत नाही. कुणीतरी बंद दाराबाहेर उभं राहून सांगतंय, मी आहे.

ही सवय आपल्याकडे यंत्राच्या फार आधीची. बंदिशीत 'सदारंग' येतो, 'प्रेमपिया' येतो, 'गुणीदास' येतो. अभंगाच्या शेवटी तुका, नामा, जनी, चोखा आपापलं नाव घालतात. जो संप्रदाय 'मी'पण सोडा म्हणतो त्यानेच प्रत्येक रचनेवर सही करण्याची रीत पाडली, हे मला फार आवडतं. आणि सही आली की खोटी सहीही आली. सदारंगाच्या नावाच्या सगळ्या बंदिशी त्याच्या असतील असं कुणी जाणकार मानत नाही. तुकोबांच्या नावावर किती प्रक्षिप्त अभंग असतील याचे वाद अजून चालू आहेत. या दोन चोऱ्या उलट दिशेच्या आहेत, हे लक्षात घ्या. सालोमालोने तुकोबांचे अभंग घेऊन त्यांत स्वतःचं नाव घातलं, अशी तक्रार खुद्द तुकोबांच्या गाथेत आहे. 'प्रभात'च्या 1936च्या चित्रपटात तो खलनायकच झाला. आणि दुसरीकडे कितीतरी अनाम माणसांनी स्वतः रचलेल्या अभंगात तुकोबांचं नाव घातलं आणि आपण अंधारात राहिले. सालोमालोला आपण हसतो. या दुसऱ्या लोकांना काय म्हणायचं? त्यांना स्वतःचं नाव नको होतं, की त्यांना ठाऊक होतं की आपल्या नावाने कुणी ऐकणार नाही? मला दुसरं खरं वाटतं, आणि त्याचं वाईटही वाटतं.

ऐकणाऱ्याने ओळखलंच नाही तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे सुमन कल्याणपूर. गळा त्यांचा स्वतःचा, शिक्षण स्वतःचं. पण पोत लताबाईंच्या आवाजाच्या इतका जवळचा की रेडिओवर गाणं लागलं की आमच्या घरी पैज लागायची आणि निम्म्या वेळा आम्ही हरायचो. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेबांचं बिनसलं, दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत, आणि त्या काळात रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली. गाणी गाजली, लोकांनी ती लताबाईंची म्हणून ऐकली. बरं, लताबाईंच्याही सुरुवातीच्या गाण्यांत नूरजहाँ ऐकू येते, हे कुणी नाकारत नाही. लताबाईंना त्यातून बाहेर पडायला वेळ मिळाला, संधी मिळाली, आणि पुढे त्यांचा आवाज हेच माप झालं. माप झाल्यावर जवळपासचा प्रत्येक गळा नक्कल ठरतो, मग तो कुणाचीही नक्कल करत नसला तरी. 2023 साली सुमनताईंना पद्मभूषण मिळालं. मला आनंद झाला, पण त्या बातमीखालीही 'लतादीदींशी साम्य' हे होतंच. अस्सल असणं माणसाच्या हातात थोडंफार असेल; अस्सल म्हणून ओळखलं जाणं मुळीच नाही. तिथे शिक्का तलाठ्याचाच लागतो.

आणि तरी माणूस त्या शिक्क्यासाठी तळमळतो. का? मानसशास्त्राची पुस्तकं काय म्हणतात ते मी इथे आणत नाही, तो माझा प्रांत नव्हे. मला कळतं ते एवढंच की आपला बहुतेक दिवस बदली कामगारासारखा जातो. बँकेच्या खिडकीत मी नसले तर दुसरी कुणी बसते, रांग पुढे सरकते. मी तीस वर्षं नोकरी केली. निरोप समारंभात साहेबांनी माझ्याबद्दल जे भाषण केलं तेच त्यांनी आधीच्या महिन्यात जोशींच्या निरोपाला केलं होतं, फक्त 'हे' च्या जागी 'ह्या'. राग आला नाही. घरी येऊन तानपुरा काढला. दुसरं कुणी चाललं नसतं अशी एखादी तरी जागा असावी, ही ती भूक आहे. आपल्याला ती जागा सापडत नाही म्हणून ज्याला सापडली त्याचं गाणं आपण तिकीट काढून, जागरण करून ऐकतो.

बाजाराला ही भूक केव्हाच कळलेली आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मुलाला दुसऱ्याचं गाणं दुसऱ्याच्या सुरावटीत गायला लावतात आणि परीक्षक त्याला सांगतात, "बेटा, स्वतःचा आवाज शोध." मग पडद्यावर त्याचं पत्र्याचं घर, चूल फुंकणारी आई आणि मागे बासरी. घर खरं असतं, आई खरी असते, आणि एवढं सगळं खरं असूनही ते दाखवण्याची रीत इतकी ठरीव झाली आहे की पुढच्या वर्षीचा मुलगा स्वतःच सांगतो, आमचंही पत्र्याचंच आहे, कॅमेरा कधी येणार?

आता यंत्र आवाज उतरवतं. 2024 साली गायक अरिजित सिंग यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या आवाजाची परवानगीशिवाय यंत्रनक्कल करायला मनाई केली. आवाज ही माणसाची ओळख आहे आणि ती त्याची आहे, असं कायद्याने म्हटलं. चांगलंच झालं. मी गंमत म्हणून असा एक उतरवलेला आवाज ऐकला. श्वासाची जागासुद्धा बरोबर होती. ज्याला फुप्फुस नाही ते यंत्र श्वास घेत होतं, म्हणजे माझाच खाकरा. तो ठेव इथे, असं त्याला कोण सांगणार?

या पुस्तकात सगळीच उत्तम गाणारी माणसं नाहीत. दोन लेख अशांवर आहेत ज्यांना आयुष्यभर 'गुरूची कॉपी' म्हणून हिणवलं गेलं आणि ज्यांच्यामुळे शंभर-दीडशे बंदिशी टिकल्या. त्यांना मी 'खरी नक्कल' म्हटलं आहे आणि ते मानाने म्हटलं आहे. सवाई गंधर्वांचा गळा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यासारखा नव्हता, भीमसेनजींचा सवाई गंधर्वांसारखा नव्हता, म्हणून त्या परंपरेत तीन माणसं आपल्याला तीन दिसतात. पण प्रत्येक घराण्याला मधे असा एक गळा लागतो ज्याने काहीही न बदलता पुढे दिलं. त्याची आठवण कुणी ठेवत नाही. दोन लेख म्हणजे फार नव्हे.

बाईंवर लेख लिहायचं बरीच वर्षं मनात होतं, जमला नाही. शेवटची भेट तेवढी सांगते. नव्वदीच्या घरात होत्या, मोतीबिंदूने दिसणं जवळपास गेलेलं. दुपारची वेळ, दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली.

"कोण?"

"मी, बाई."

आतून खाकरा आला. मग थोडा वेळ काहीच नाही. आम्ही साठ-सत्तर जणी त्यांच्याकडे शिकलो, आणि बोलतानासुद्धा आमच्या सगळ्यांचा सूर काळी चारलाच लागतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"अगं, मी मी काय," बाई म्हणाल्या, "मी तर मीच. तू कोण?"

मग मी नाव सांगितलं.